आठवड्याचे पाच दिवस, वीस माणसं

त्या वर्षी मार्चमध्ये टर्की फोर्क ओढ्याला पूर आला आणि कॉटरिलांच्या खालच्या कुरणाचं सगळं कुंपण वाहून गेलं. पाणी ओसरल्यावर तारांची भेंडोळी खाली चर्चच्या स्मशानात, थडग्यांना गुंडाळलेली सापडली. गाई वरच्या गोठ्यात अडकून पडल्या. साठवलेली वैरण संपत आली होती, आणि खाली पुराच्या गाळावर कोवळं गवत तरारलं होतं. वाऱ्यावर त्याचा वास यायचा आणि गाई दिवसभर हंबरायच्या.

डेन्झिल कॉटरिलने रानातून टणक लाकूड तोडून आणलं, खांब तासले, बुंध्यांना डांबर फासलं. खड्डे पाडायच्या आधी त्याने रीतसर फोन केला. आमच्याकडे तशी पद्धत आहे: जमीन खणायची असली की कळवायचं, मग ज्यांचं ज्यांचं जमिनीखाली काही असेल ते येऊन खुणा करून जातात. पाणीवाले आले, निळी निशाणं रोवून गेले. फोनवाले आले, नारिंगी लावून गेले. गॅसवालं कुणी आलं नाही.

"त्यांची लाइन इथूनच कुठूनतरी जाते," डेन्झिलचा बाप आर्ली म्हणाला. त्याला शंभर गोष्टी आठवायच्या, पण जागा आठवायच्या नाहीत. "ती टाकली तेव्हा मी गुडघा मोडून पडलो होतो."

"असती तर आले असते ना खुणा करायला," डेन्झिल म्हणाला.

दोन दिवस आणखी वाट पाहून त्याने ट्रॅक्टरच्या मागे खड्डे पाडायचं गिरमिट जोडलं आणि कामाला लागला.

त्याची बायको ऑर्फा तेव्हा वरच्या वाफ्यात बटाटे लावत होती. तिला आधी शिट्टी ऐकू आली, कुकरची वाफ सुटावी तशी. तिने मान वर केली. शिट्टीचा आवाज वाढत वाढत इतका मोठा झाला की तिला तो कानाने नव्हे, दातांनी जाणवू लागला. मग खालचं कुरण पिवळं झालं. ज्वाळा चर्चच्या कळसाच्या वर गेली होती. ट्रॅक्टर तिच्या आत होता.

डेन्झिल ज्वाळेच्या बाहेर होता, पण पेटलेला होता आणि चालत होता. धावत नव्हता. कुरण ओलांडून घरी जेवायला यावं तसा चालत होता. आर्लीने लंगडत जाऊन त्याला खांद्याने ढकललं आणि ओढ्यात पाडलं. ऑर्फा पोचली तेव्हा म्हातारा कंबरभर पाण्यात बसून मुलाचं डोकं वर धरून होता. तिने नवऱ्याचा हात धरला. हाताचं कातडं हातमोज्यासारखं सरकून तिच्या मुठीत आलं.

हेलिकॉप्टर चर्चच्या अंगणात उतरलं. डेन्झिलला पिट्सबर्गच्या इस्पितळात नेलं.

*

मे महिन्यात सरकारी इन्स्पेक्टर बाई आल्या. चिखलाचे बूट त्यांनी स्वतःहून ओसरीवर काढून ठेवले, हे आर्लीला आवडलं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि ऑर्फाने विचारलं, "त्यांना शिक्षा काय होणार?"

बाईंनी कपातली कॉफी संपवली. "मिसेस कॉटरिल, त्यांनी कुठला नियम मोडलाय असं मला सापडलं नाही."

"तो पाइप हातभर खोल होता. त्याच्यावर एक खूण नव्हती."

"नव्हती."

"यांनी फोन केला तरी कुणी आलं नाही."

"ज्यांच्यावर यायचं बंधन होतं ते आले. या लाइनवर बंधन नाही." बाई सावकाश बोलत होत्या. "गॅसच्या विहिरींतून निघालेला गॅस गोळा करून पुढे नेणाऱ्या या लाइनी. त्यांचे वर्ग आसपासच्या वस्तीवरून ठरतात. लाइनीच्या दोन्ही अंगांना दोनशेवीस वार धरायचे आणि लांबी एक मैल. तेवढ्यात राहती घरं किती, ते मोजायचं. दहा किंवा कमी असली तर पहिला वर्ग. पहिल्या वर्गातल्या अशा लाइनीला खोलीचा नियम नाही, खुणांचा नाही, तपासणीचा नाही."

"म्हणजे तिला कायदाच नाही," आर्ली म्हणाला.

"जवळजवळ नाही."

"आमच्याकडे घरं किती भरली?" ऑर्फाने विचारलं.

"सात."

एवढे दिवस ऑर्फाला वाटत होतं, कुणाची तरी चूक आहे. कुणीतरी आळस केला, कुणीतरी खोटं बोललं. त्या माणसाचं तोंड ती मनात रोज बनवायची आणि त्याच्याशी भांडायची. आता तिथे तोंडच नव्हतं. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं.

"आणि चर्च?" तिने विचारलं. "पाइप स्मशानाच्या मागूनच जातो. रविवारी चाळीस माणसं असतात आत."

"रविवारचा एकच दिवस झाला. शंभर वारांच्या आत एखादी जागा असेल, आणि तिथे आठवड्यातले निदान पाच दिवस, वर्षातले निदान दहा आठवडे, वीस किंवा जास्त माणसं जमत असतील, तर तो तिसरा वर्ग होतो. मग सगळे नियम लागतात." बाई उठल्या. बूट घालताना खाली बघतच म्हणाल्या, "दहा आठवडे सलगच हवेत असं काही त्यात लिहिलेलं नाही."

*

डेन्झिल जूनमध्ये घरी आला. कान अर्धे राहिले होते, मान एका बाजूला ओढली गेली होती. हातांवर मांडीचं कातडं लावलेलं. त्यावर रात्रंदिवस घट्ट हातमोजे घालायचे. चमचा धरता येत नव्हता. ऑर्फा त्याला भरवायची, पँटची बटणं लावायची, परसाकडून आल्यावर पुसायची. तो तेवढा वेळ भिंतीकडे बघायचा. कुठे चुलीवर वाफ सुटली तरी तो खुर्चीतून उठून दाराकडे जायचा आणि मग तिथे नुसता उभा राहायचा.

"वीस माणसं," ऑर्फा एका सकाळी त्याचे मोजे बदलताना म्हणाली.

"गवत कापायच्या दिवसांत तुला कुत्रंही भेटणार नाही," तो म्हणाला.

"तू यायला नको. मी तुला म्हणतच नाहीये."

"मी येणारही नाही. लोकांना जेवण जायला हवं."

ती पाद्री लॉनीकडे गेली. लॉनी आठवडाभर शाळेची बस चालवायचा आणि रविवारी प्रवचन द्यायचा. दोन्हीकडे एकाच आवाजात बोलायचा. त्याने ऐकून घेतलं. "चर्च रोज संध्याकाळी उघडं ठेवीन. पण बाहेर मोटारी उभ्या करून आत कुणी नाही, असं मी करू देणार नाही. बसायचं तर खरोखर बसायचं."

"खरोखरच बसायचंय. नाहीतर मी तुमच्याकडे कशाला आले असते?"

मग ती घरोघर फिरली. काही लोक हो म्हणाले, काही बघू म्हणाले. डॉर्सेल मार्पल गॅसवाल्यांच्या विहिरींवर कामाला होता. त्याने तिला जाळीच्या दारातूनच उत्तर दिलं. "त्याच लाइनीवर आमची चूल चालते. तुझ्या नवऱ्याने नीट बघून खणलं असतं तर काय बिघडलं असतं?" ऑर्फाच्या हातात त्याच्या बायकोसाठी आणलेली अंडी होती. ती तिने ओसरीच्या पायरीवर ठेवली आणि निघाली. फाटकापर्यंत त्याचं कुत्रं तिच्या पोटऱ्यांना हुंगत आलं.

शेवटी ती डोंगराच्या धारेपलीकडे आयसी मावशीकडे गेली. आयसी वीकली सत्तरी उलटलेली विधवा होती. पलीकडच्या घळीत तिचं एकटीचं घर, पंधरावीस शेळ्या, आणि एक दार न लागणारी पिकअप. गाडीचं दार दोरीने बांधलेलं असे.

"मावशी, तुम्हाला लांब पडेल," ऑर्फा म्हणाली.

"लांब काय? मला कुणी विचारायला आलं नाही तेच लांब पडतं," मावशी म्हणाली. "संध्याकाळची धार लवकर काढीन. शेळ्या शिव्या देतील, देऊ देत."

*

जुलैच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी चर्चमध्ये सव्वीस माणसं होती. लॉनीने वहीत आकडा लिहिला, एक स्तोत्र म्हटलं, मग काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी बायका घेवड्याच्या शेंगा घेऊन आल्या. शिरा काढायच्या, तुकडे करायचे. बादल्या बाकांच्या मधे ठेवलेल्या. पुरुष शेतातून थेट यायचे, कॉलरमध्ये गवताची कुसं, मानेवर चिकट घाम. बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटायचे. आर्ली बायको गेल्यापासून चर्चची पायरी चढला नव्हता. तो सर्वांत मागच्या बाकावर तंबाखू थुंकायचा डबा घेऊन बसू लागला.

"डबा देवाच्या घरात?" मावशीने विचारलं.

"मी देवाकडे नाही आलो, सरकारकडे आलोय."

गॅस कंपनीच्या माणसाने एकदा गाडी रस्त्यावर थांबवून आत डोकावून पाहिलं. स्वच्छ शर्ट, हसरा चेहरा. "मोठी भक्ती दिसते इथे."

"या की आत," मावशी म्हणाली. "एक वाढेल."

तो गेला. तिसऱ्या आठवड्यात माणसं कमी होऊ लागली. दुसरं गवत कापणीला आलं, मका आला, कुणाची गाय व्यायला आली. एकवीस, बावीस, वीस. ऑर्फा दिवसभर आर्लीबरोबर गवताचे गठ्ठे चढवायची. आर्लीला उचलवत नसे, म्हणून तो वर रचायचा आणि ती खालून फेकायची. तळहातांना सुतळीने चिरा पडलेल्या. मग डेन्झिलला भरवून, अंगावर गार पाणी ओतून ती चर्चला यायची आणि दाराशी उभी राहून येणाऱ्याची वाट बघायची. दोन पोरांची आई असलेली केली मार्पल, डॉर्सेलची सून, एके दिवशी तान्ह्याला घेऊन मागच्या दाराने आली.

"तान्हं धरतात का माणसात?" तिने विचारलं.

"नियमात वय दिलेलं नाही," लॉनी म्हणाला.

"मग देव धरून किती होतात?" आर्ली मागून म्हणाला.

"देव कायद्यात बसत नाही, आर्ली."

"मग आमच्यासारखाच की तोही."

बाक हलेपर्यंत लोक हसले. त्या दिवशी ते बावीस होते.

ऑगस्टच्या मध्यावर, सातव्या आठवड्याच्या गुरुवारी, वरच्या घळींत पाऊस कोसळला आणि ओढा पुन्हा रस्त्यावर आला. चर्चमधले दिवे गेले होते. भिजलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. एकोणीस होते. आयसी मावशी धारेवरून चालत, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून आली होती; तिला धरून एकोणीस. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली.

"वीसच लिहा," मागून कुणीतरी म्हणालं. "कोण मोजायला येतंय?"

लॉनीने ऑर्फाकडे बघितलं. ऑर्फा म्हणाली, "एकोणीसच लिहा." तिचा आवाज सरळ होता, पण हातातली शेंग तिने शिरेसकट मोडून बादलीत टाकली. तो आठवडा फुकट गेला. पुढे एक जास्त धरायचा ठरला.

सप्टेंबरच्या एका संध्याकाळी स्तोत्र चाललं असताना दार उघडलं आणि डेन्झिल आत आला. टोपी कपाळावर ओढलेली. त्याच्यावाचून काही अडलेलं नव्हतं. त्या दिवशी आधीच तेवीस माणसं होती. तो मावशीच्या शेजारी बसला. स्तोत्र थांबलं. केलीचं थोरलं पोर त्याच्याकडे एकटक बघायला लागलं.

"तुझ्या मानेला काय झालं?" पोराने विचारलं.

"पेटलो होतो."

"दुखतं?"

"खाजतं."

मावशीने घेवड्याच्या शेंगांचं पातेलं त्याच्या मांडीवर ठेवलं. "आलास तर काम कर. शिरा मी काढते, तू तुकडे कर." मोजे घातलेल्या बोटांनी त्याला एक शेंग मोडायला इतका वेळ लागला की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायची थांबली.

*

इन्स्पेक्टर बाई दोनदा न कळवता येऊन मागच्या बाकावर बसून गेल्या होत्या. त्यांनी चर्चच्या भिंतीपासून लाइनीपर्यंत टेप धरून अंतर मोजलं होतं. ऑक्टोबरमध्ये त्या लॉनीला सांगून गेल्या: तिसरा वर्ग. कंपनीला ही लाइन नियमांत आणावी लागेल, नाहीतर काढावी लागेल. कंपनीने काढायचं ठरवलं.

यंत्रं आली. स्मशानामागचा चर पुन्हा उघडला. माणसं बघायला यायची, अगदी डॉर्सेलसुद्धा. पाइपचे तुकडे कापून ट्रकवर चढवले. गिरमिटाने भोक पाडलेला तुकडाही त्यातच होता. डेन्झिल तो बघायला खाली गेला नाही. ऑर्फाने मोठ्या तांब्याच्या हंड्यात मुरंब्यासाठी सफरचंदं शिजत लावली होती. दिवसभर लाकडी फळीने ढवळत राहायचं, नाहीतर करपतं. आलं-गेलं प्रत्येक माणूस फळी हातात घेऊन थोडं ढवळून जात होतं. इतकी माणसं घरी येऊन किती दिवस झाले, ते तिला आठवेना.

भरलेल्या बरण्यांपैकी चार घेऊन ती आयसी मावशीकडे निघाली. चर्चचे आठवडे संपल्यापासून मावशी दिसली नव्हती. धारेवर चढल्यावर तिला आधी झाडं कमी वाटली. मग दिसलं: डोंगराच्या अंगावरून रुंद पट्टा तासला होता, बुंधे रचून ठेवलेले, उघडी पिवळी माती. पट्टा खाली घळीत उतरून मावशीच्या कुरणातून, गोठ्याच्या मागून, पलीकडच्या चढावर गेला होता. दोन्ही कडांना गुलाबी फिती बांधलेल्या मेखा होत्या. शेळ्यांनी बऱ्याच फिती खाल्ल्या होत्या.

मावशी गोठ्यात धार काढत होती. तिने वर बघितलं नाही.

"मावशी, हे काय?"

"तुमचीच लाइन. वळवली इकडून."

ऑर्फाच्या हातात बरण्यांची पिशवी होती. ती तिने खाली ठेवली, मग पुन्हा उचलली. "कधी सांगितलं त्यांनी?"

"चर्चचा शेवटचा आठवडा चालला होता तेव्हा. तो हसऱ्या तोंडाचा आला होता. माझ्या सासऱ्याने कधीकाळी विहीरवाल्यांना जमीन वापरायला लिहून दिली होती म्हणे. ती अजून चालते."

"आणि तुम्ही तरी रोज येत राहिलात."

"एकोणीस झाले असते ना."

शेळीने पाय झाडला. मावशीने तिच्या मांडीला डोकं टेकून तिला गप्प केलं. "इथे मैलात घरं किती ते त्याने मला विचारलं. मी म्हटलं, हे एक. तो म्हणाला, मग ठीक आहे. शेळ्या धरत नाहीत."

ऑर्फा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. उन्हाळाभर तिने दाराशी उभं राहून या बाईची पिकअप वळणावर दिसते का ते बघितलं होतं, आणि दिसली की हायसं वाटून आत गेली होती. मावशीच्या प्रत्येक फेरीने पाइप एक एक पाऊल या गोठ्याकडे सरकला होता. ते ऑर्फाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आम्ही इथे येऊ," ती म्हणाली. "सगळे. रोज संध्याकाळी. पुन्हा दहा आठवडे."

"बसतील कुठे? शेळ्यांत?"

"बाकं आणू."

"आणशीलही तू." मावशीने बादली बाजूला घेतली. "आणि मग ते पाइप उचलून आणखी पलीकडे नेतील. तिकडे कोण राहतं ते तुला माहीत आहे का?"

ऑर्फाला माहीत नव्हतं.

"मलाही नाही," मावशी म्हणाली. "पन्नास वर्षं या धारेवर काढली, पण त्या बाजूला कधी उतरले नाही. बरण्या घरात ठेव, ऊन लागतंय."

*

ऑर्फाने घरी सांगितलं तेव्हा आर्लीने थुंकायचा डबा शोधला आणि तो हातातच धरून बसला. डेन्झिल उठून बाहेर गेला. गोठ्यामागे मार्चमध्ये तासलेले खांब तसेच पडून होते, डांबर फासलेले. जळाले नव्हते ते.

दुसऱ्या दिवशी बापलेकांनी ते गाडीवर भरले. मावशीच्या घळीत कंपनीच्या लोकांनी पाइप चरात उतरवला होता आणि वरून माती ओढायचं काम चाललं होतं. चर हातभरच खोल होता. डेन्झिल कडेला उभा राहून आत बघत राहिला. त्याचं तोंड घामाने ओलं झालं, गार हवेत.

"हे काय करताय?" मुकादमाने विचारलं.

"खुणा," डेन्झिल म्हणाला.

"इथे खुणा लागत नाहीत. पहिला वर्ग आहे."

"तुम्हाला लागत नाहीत."

"कंपनीच्या लाइनीवर तुम्ही काही लावू शकत नाही."

"लाइनीवर नाही लावत. चार हात बाजूला लावतोय, माझ्या शेळ्यांच्या कुरणात," आयसी मावशी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन येत म्हणाली. "हे दोघं माझे गडी."

मुकादमाने डेन्झिलच्या कानांकडे बघितलं, हातांवरच्या मोज्यांकडे बघितलं, आणि यंत्रावरच्या माणसाला थांबायची खूण केली. तो स्वतः गाडीत जाऊन बसला.

खड्डे ऑर्फाने फावड्याने पाडले. गिरमिटाचं नावही कुणी काढलं नाही. डेन्झिल दोन्ही मनगटांमध्ये खांब उभा धरायचा, आर्ली घण घालायचा. पहिल्या घावाला डेन्झिलचे गुडघे वाकले. खांब सुटला नाही. मागून मावशी येऊन माथ्यांना पिवळा रंग फासायची. अर्धा तिच्या झग्यावर सांडलेला. दुपारपर्यंत तिच्या कुंपणापाशी पोचले. मागे घळीतून वर खांबांची पिवळी रांग दिसत होती.

कुंपणापलीकडे तासलेला पट्टा चढून धारेआड गेला होता. दोन खांब उरले होते.

"झालं," मावशी म्हणाली. "माझी जमीन इथे संपते."

"पुढे कुणाची?" आर्लीने विचारलं.

"सांगितलं ना, ठाऊक नाही."

डेन्झिलने एक खांब कोपरांच्या खोबणीत उचलला. उजव्या मोज्यातून रक्त येऊन मनगटावर ओघळलं होतं. ऑर्फा "अरे, हात बघ," म्हणाली, पण तो तारेशी जाऊन थांबला होता.

"तार खाली दाब," तो तिला म्हणाला.

तिने बूट तारेवर ठेवून ती दाबली. तो ओलांडून गेला. मग दुसरा खांब खांद्यावर घेऊन तीही त्याच्या मागे चढ चढू लागली.